परसातील सोबती

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ख्रिस्तमंदिराच्या पटांगणात भरलेल्या सभेत केलेले भाषण)



अशा प्रसंगी धर्मगुरूने काय बोलावे याची एक ठरीव वहिवाट आहे. धर्मग्राम कसा वसला, पहिले मंदिर कुडाचे होते की पत्र्याचे, घंटा कोणी दिली, विहिरीस पाणी किती हातांवर लागले, हे सर्व सांगावयाचे व शेवटी उपकारकर्त्यांचे आभार मानावयाचे. तो वृत्तांत आजच्या स्मरणिकेत आलाच आहे, व तो लिहिणारे आम्हांपेक्षा अधिक जाणते आहेत. म्हणून आम्ही मंदिराच्या पुढल्या बाजूविषयी न बोलता मागल्या बाजूविषयी बोलणार आहोत. मंदिरामागे जो दहा गुंठ्यांचा तुकडा आहे, ज्यास आपण सारे 'फादरचे परस' म्हणता, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

हा विषय आम्ही सहज निवडलेला नाही. त्या तुकड्यावर सिमेंटचे ठोकळे बसवून तेथे वाहने उभी करण्यास व मांडव घालण्यास जागा करावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना अयोग्य नाही. लग्नसराईत आपणांस जागा पुरत नाही हे आम्ही पाहतो. येत्या रविवारी आपण एकत्र बसून निर्णय करावयाचा आहे. तो करण्यापूर्वी त्या मातीने आम्हांस काय शिकविले, हे आपल्या कानी घालणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आम्ही येथे आलो त्यास सात वर्षे झाली. सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकविले, आणि दुपारच्या वेळी बागेत कामही करविले. त्या बागेची शिस्त घंटेसारखी होती. वाफे दोरी लावून आखलेले, एका वाफ्यात एकच भाजी, आणि जे पेरले नाही ते उगवले तर ते तण समजून उपटावयाचे. ही शिस्त आमच्या अंगी इतकी मुरली की, जेथे रांग मोडते तेथे आळस शिरतो असे आम्हांस मनापासून वाटे. येथे आल्यावर प्रथम दृष्टीस पडले ते परस म्हणजे आमच्या मते नुसते रान होते. डांगराचा वेल कुंपणावर चढलेला, त्याखाली चवळी, मध्येच अंबाडीचे दांडे, कोपऱ्यात तांदुळजा व घोळ. आम्ही ते सारे साफ करविले. त्या दिवशी आम्हांस मोठे समाधान वाटले, हे आज कबूल करताना संकोच वाटतो.

त्या वेळी सभागृहाच्या छपरासाठी निधी जमा करावयाचा होता. आम्ही हिशेब मांडला की, दहा गुंठे सगळे टोमॅटोने लावावे, माल बीडच्या बाजारी पाठवावा व येईल तो पैसा निधीस द्यावा. रोपे, खत, तारा व बांबू यांसाठी रक्कम उसनी घेतली. ऑक्टोबराच्या आरंभी लागवड झाली. दोरीवर दोरी धरावी अशा सरळ रांगा होत्या, व संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्या पाहत उभे राहणे हा आमचा विसावा झाला होता.

आता पहिला योगायोग ऐका. १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण झाला, तेव्हा कमानीस व मूर्तीस झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सुकल्यावर त्या माळा कोणी तरी कुंपणालगत टाकून दिल्या. श्रावण-भाद्रपदाच्या पावसाने त्या कुजल्या, व त्यांतील बी उगवून कुंपणाच्या कडेने झेंडूची रोपे दाट उभी राहिली. टोमॅटोची कडेची रांग व हा झेंडू यांमध्ये हातभर अंतर राहिले. आम्ही कामाच्या मुलास सांगितले की, हे सारे उपटून टाक. त्याने उत्तरेकडून आरंभ केला व अर्धे कुंपण मोकळे केले. तेवढ्यात एक आजीबाई मोरीच्या पाण्याची बादली घेऊन आल्या. त्या आम्हांस म्हणाल्या, "फादर, ही फुलं कामून उपटायलेत? मरियामातेच्या माळंतली हायती ती. ऱ्हाऊ द्या की. एकल्या पिकाला करमत नसतंय."

पिकाला करमत नाही, हे ऐकून आम्हांस हसू आले. परंतु मरियामातेच्या माळेचा उल्लेख झाल्यावर उपटा म्हणणे जड गेले. मुलगा थांबला. अर्ध्या कुंपणास झेंडू राहिला, अर्ध्यास राहिला नाही.

नोव्हेंबरात फळे धरली आणि अळी पडली. ही अळी आपणांस परकी नाही. हरभऱ्यात तिला आपण घाटे अळी म्हणतो. तीच कपाशीच्या बोंडात शिरते, तुरीच्या शेंगेत शिरते व टोमॅटोच्या फळासही भोक पाडते. आपल्या बीड जिल्ह्यात चहूकडे तूर, कपाशी व हरभरा असताना मध्येच दहा गुंठे टोमॅटो लावणे म्हणजे तिला पंगतीस बोलाविणेच होय. आम्ही फवारण्या केल्या, पुन्हा उसने घेतले, पुन्हा फवारले. तरी फळे टोपलीगणिक फेकावी लागली. त्यातच कित्येक रोपे दुपारी माना टाकू लागली. उपटून पाहिली तो मुळांना गाठीच गाठी. बाजारी जो माल गेला, त्याने रोपांचा खर्चही निघाला नाही. ते कर्ज आम्ही आमच्या तुटपुंज्या मानधनातून पुढे दीड वर्ष फेडीत होतो. छपर आपण साऱ्यांनी वर्गणी व श्रमदान करून घातले, आमच्या टोमॅटोने घातले नाही.

मात्र वेचणी चालू असता त्याच मुलाने एक गोष्ट दाखविली. दक्षिणेकडील अर्ध्या कुंपणालगत, जेथे झेंडू उभा होता, तेथील फळे पुष्कळ निरोगी होती. उत्तरेकडील अर्ध्या रांगेत निरोगी फळ शोधावे लागे. झेंडूची फुले उकलून पाहिली तो अळ्या तेथे बसलेल्या. ज्याने झेंडू उपटला त्यानेच हे पाहिले व सांगितले, याचे आम्हांस आजही कौतुक वाटते.

या गोष्टीचा उलगडा पुढे वाचनाने झाला. घाटे अळीच्या पतंगास अंडी घालण्यास झेंडूची कळी व फूल फार आवडते. बंगळुरू येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी याचा पद्धतशीर अभ्यास करून शेतकऱ्यांस एक रीत सांगितली आहे. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी. लागवडीच्या वेळी झेंडूचे रोप ४० दिवसांचे व टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे, म्हणजे दोघांस फुले एकाच सुमारास येतात. आमच्या कुंपणावर ऑगस्टातील माळांनी हे वयाचे गणित आमच्या नकळत जवळजवळ जुळविले होते. कोबीच्या बाबतीतही अशीच रीत आहे. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घालतात, म्हणजे कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे वळतो. एक ओळ कोबीच्या आधी १५ दिवस व दुसरी कोबीनंतर २५ दिवसांनी पेरतात, कारण मोहरी कोवळी असेल तोवरच त्याला मोह पडतो.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. झेंडू लावून स्वस्थ बसले तर झेंडू हाच शत्रूचा पाळणा होतो. अळ्या दिसताच ती फुले तोडून नष्ट केली पाहिजेत. सोबत्याने संकट आपल्या अंगावर घेतले, तर त्याचे ओझे उतरविणे हे आपले काम आहे.

दुसरा योगायोग आमच्या अज्ञानातून घडला. टोमॅटोचे रान मोकळे झाल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी तेथे चवळीची रोपे आपोआप उगवली. आम्ही साफ करविलेल्या जुन्या रानातील शेंगा मातीत पडल्या असाव्यात. एक रोप उपटले तो मुळांस गाठी! टोमॅटोचा घात गाठींनी केला होता, म्हणून आम्ही घाबरून चवळी सगळी उपटावी असे ठरविले. आजीबाई पुन्हा आड आल्या. त्यांनी एक गाठ नखाने खरडली, तशी ती मुळावरून अलगद सुटली. फोडून पाहिली तो आत गुलाबी. त्या म्हणाल्या, "ही रोगाची गाठ न्हाई, फादर. ही शिदोरीची गाठ हाय."

त्यांनी हे कोठून जाणले, देव जाणे. शास्त्र याहून निराळे काही सांगत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवर सूक्ष्म जंतू राहतात व ते हवेतील नत्र धरून पिकास देतात. जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्ट यांनी १८८६ साली हे जगापुढे मांडले, व १८८८ साली हॉलंडातील बायेरिंक यांनी ते जंतू वेगळे करून दाखविले. ही गाठ मुळाच्या अंगास चिकटलेली असते, नखाने निघते व कामात असेल तर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची गाठ तशी नव्हे. ती म्हणजे मूळच सुजलेले असते व ती खरडून निघत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या परसात वांगी, भेंडी, टोमॅटो असतील त्यांनी एवढे एक लक्षात ठेविले, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

आता कोणी म्हणेल की, अर्धे कुंपण चांगले आले तो निव्वळ योग असेल. हा आक्षेप रास्त आहे. दक्षिणेकडे माती चांगली असेल, पाणी जास्त पोहोचले असेल. म्हणून पुढील वर्षी आम्ही चार वाफे केले व एकाआड एक झेंडू लाविला. प्रत्येक वाफ्याची फळे निराळ्या टोपल्यांत ठेवून मोजली. झेंडूच्या वाफ्यांत किडकी फळे कमी निघाली, पण नाहीशी झाली नाहीत. हाताने अळ्या वेचाव्या लागल्याच. मुळांवरील गाठी मात्र चारही वाफ्यांत सारख्याच होत्या. त्याचे कारणही नंतर कळले. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमींस बाधक असे द्रव्य असते हे खरे, परंतु चार रोपे कडेला लावून तो गुण पुरेसा उतरत नाही. तेवढ्या जागेत दाट झेंडू दोनेक महिने उभा करावा, मग तो मातीत गाडून त्यावर पुढचे पीक घ्यावे. तसे केल्यावर तिसऱ्या वर्षी गाठी कमी झाल्या. ऐकीव गोष्ट मोजल्यावाचून खरी धरू नये, व मोजल्यावाचून खोटीही धरू नये, हा धडा आम्ही त्या चार वाफ्यांपासून घेतला.

मोजणीवरून एका संन्यासी धर्मगुरूचे स्मरण होते. ब्रनो नगरीतील ऑगस्टिनियन मठात ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाणे लावून हजारो रोपे मोजली. १८६५ साली त्यांनी आपले निष्कर्ष तेथील विद्वत्सभेत वाचून दाखविले. त्यांचे महत्त्व जगाने ओळखले ते १९०० साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी. आनुवंशाचे शास्त्र अशा एका मठाच्या परसातून निघाले. दुसरे उदाहरण फ्रान्स देशातील. मेदोक प्रांतात वाटसरू द्राक्षे तोडीत, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत, की विषाच्या भयाने कोणी हात लावू नये. १८८२ साली प्राध्यापक मिलार्दे तेथून जात असता त्यांनी पाहिले की, केवड्या रोगाने सारा मळा झडला असून रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्या आहेत. त्यावरून त्यांनी प्रयोग केले व १८८५ साली औषध सिद्ध केले. आपल्या नाशिकचे द्राक्षबागाईतदार ज्यास बोर्डो मिश्रण म्हणतात ते हेच. त्या रस्त्याने हजारो लोक गेले असतील. थांबून, वाकून पाहणारा एक निघाला. योगायोग सर्वांच्या दारी येतो, पण तो पाहुण्यासारखा आहे. बसावयास पाट दिला नाही तर निघून जातो.

प्रत्येक अनाहूत पाहुणा मात्र चांगला असतो असे समजू नये. टोमॅटो, मिरची, झेंडू, मका व आपल्या बालाघाटाच्या डोंगरांतील सीताफळ हे सर्व मूळचे अमेरिका खंडातील. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, इतके ते आपले होऊन गेले. पण त्याच खंडातून गाजर गवतही आले. १९५० नंतरच्या दशकात ते पुण्यात प्रथम लक्षात आले, आणि आज एकही बांध त्यावाचून मोकळा नाही. म्हणून उगवले ते सारे ठेवावे असेही नव्हे, व उपटावे असेही नव्हे. ओळख पटेपर्यंत थोडे थांबावे, इतकेच.

तसेच सोबतही पारखून करावी लागते. टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील सख्खी भावंडे आहेत. एकास जडलेला रोग दुसऱ्यास लागतो, म्हणून ती एकमेकांशेजारी लावू नयेत व एकामागून एकही घेऊ नयेत. भेंडी व कपाशी यांचेही तसेच. दोघींवर तुडतुडे व पांढरी माशी एकच. सोयरे दूर व परके जवळ, हा परसाचा नियम दिसतो. ज्याची मुळे उथळ त्याने खोल मुळांच्या शेजारी राहावे, जो उंच वाढतो त्याने वेलास आधार द्यावा, व ज्याची पाने रुंद त्याने मातीवर सावली धरावी. उत्तर अमेरिकेतील इरोक्वा लोक मका, घेवडा व भोपळा एकत्र लावीत व त्यांस तीन बहिणी म्हणत. मक्यावर घेवडा चढतो, घेवडा मातीस नत्र देतो, भोपळा ओल राखतो.

या बहिणी आपल्याही घरी नांदत होत्या. आजीबाई सांगत, "सासऱ्याच्या काळी बाजरीच्या तिफणीत तुरीचं तास असायचं. कडंनं अंबाडी, मधी मटकी, हुलगा, वाळकाचं बी. घरात रुपाया नसायचा, पर कोरड्यास सुटत नव्हतं." आपल्या जिल्ह्याचे पर्जन्यमान बेताचे, व तेही लहरी. बाजरी तीन महिन्यांच्या आत निघते. तूर आरंभी हळू वाढते, म्हणून बाजरीच्या आड येत नाही, व बाजरी निघाल्यावर खोल मुळांनी खालची ओल पिऊन थंडीपर्यंत उभी राहते. पाऊस मागे उलटला तर बाजरी जाते व तूर राहते. पुढे सरला तर तूर जाते व बाजरी पदरात पडते. रब्बीत ज्वारीभोवती करडईचे तास असे, की काट्यांमुळे गुरांनी तोंड घालू नये. हरभऱ्यात ज्वारीचे चार दाणे टाकीत, की त्या ताटांवर पाखरे बसावी व त्यांनी अळ्या टिपाव्या. ही कोणा एकाची युक्ती नव्हे. पुष्कळ दुष्काळ सोसलेल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या निरखून बसविलेली ही घडी होती. एकाच पिकावर घर टांगण्याची रीत आपण अलीकडे धरली. ते पीक बुडाले की घर बुडते, हे आपल्या जिल्ह्यास सांगावयास नको. आम्हांसही आता नको, कारण दहा गुंठ्यांत का होईना, आम्ही ते भोगले आहे.

आमचे धर्मशिक्षक मास्तर एके दिवशी शंका घेऊन आले. अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्यात दोन जातींचे बी पेरू नये अशी आज्ञा आहे, मग फादर हे काय करीत आहेत? शंका खरी होती, व आम्हांस उत्तर शोधावे लागले. ती आज्ञा इस्राएल लोकांस वेगळेपणाची खूण म्हणून दिलेली होती. शिवाय त्याच पवित्र शास्त्रात यशया संदेष्ट्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शेतकऱ्याची स्तुती आहे. तो काळे जिरे व जिरे टाकतो, गहू रांगेत लावतो, सातू त्याच्या जागी व दुसरे एक धान्य बांधाच्या कडेने पेरतो, आणि ही अक्कल त्याला देवानेच दिली असे संदेष्टा म्हणतो. हे वाचताना आम्हांस करडईचे तास आठवले. संत लूकाच्या शुभवर्तमानातील वांझ अंजिराचे झाडही द्राक्षमळ्यातच होते, व माळ्याने ते तोडू न देता आणखी एक वर्ष मागून घेतले. तेव्हा मिसळणे म्हणजे गोंधळ करणे नव्हे. ज्याची त्यास जागा देणे ही दोरीच्या रांगेहून अवघड शिस्त आहे, व ती आम्हांस सेमिनरी सोडल्यानंतर पुष्कळ वर्षांनी शिकावी लागली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दिवाळी झाली की आपल्यातील कितीएक कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी अहिल्यानगराकडे, कोणी थेट कर्नाटकात. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि घेतलेली उचल फिटेपर्यंत फडावरून परतता येत नाही. मागे राहतात ती म्हातारी माणसे व शाळेतील मुले. आजीबाईंचा मुलगा व सून दर वर्षी असेच जात, व दोन नातवंडे त्यांच्यापाशी राहत. त्या पाच महिन्यांत आपल्या परसातून काय गेले, याचा हिशेब आम्ही ठेविलेला नाही. परंतु मेथी, चवळीच्या शेंगा, डांगर, दोडका, आंबटचुका व वांगी दर दोन दिवसांआड वाटली जात, हे आपण पाहिले आहे. टोमॅटोच्या एका पिकातून छपर निघाले नाही. या मिसळीतून पैसा असा निघालाच नाही. पण ज्यांचे आईबाप फडावर होते त्या लेकरांच्या भाकरीस कोरड्यास मिळाले. तेही मागून घेतलेले नव्हे. प्रत्येक घरचे मूल शाळा सुटल्यावर मोरीच्या पाण्याची एक बादली आणून घाली, व आपल्या वाट्याचे घेऊन जाई.

गेल्या माघात आजीबाईंस प्रभूने बोलावून घेतले. मुलगा व सून फडावर होती. त्यांना येण्यास दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात उशापायथ्याशी ज्या बसल्या, त्यांतील काही आपल्या धर्मग्रामातील होत्या, काही नव्हत्या. गल्लीतल्या शेजारणी होत्या, एवढेच. अंत्यसंस्कार आटोपल्यावर सून आम्हांकडे एक मडके घेऊन आली. म्हणाली, "आत्याबाईंनी सांगितलं होतं, हे फादरला द्या." मडक्यात राखेत घोळलेले बी होते. चवळी, दोडका, डांगर, वाळूक, अंबाडी, आणि एका चिंधीत बांधलेला सुका झेंडू. एकल्या पिकाला करमत नाही, हे त्यांचे बोलणे ऐकून ज्या दिवशी आम्ही हसलो, तो दिवस त्या वेळी आम्हांस आठवला.

बंधुभगिनींनो, वाहनांस जागा लागते हे आम्ही नाकारीत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच आहे की, दहांपैकी पाच गुंठे आपण घ्यावे व पाच मातीस राहू द्यावे. सभागृहाच्या छपराचे पाणी त्या बाजूस वळविले, तर विहिरीवर भार पडणार नाही. आणि त्या पाचांतही एक कोपरा, दक्षिणेकडील कुंपणालगतचा, काहीएक न पेरता ठेवावा. ही आमची नवी कल्पना नव्हे. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या मठाच्या बागेचा एक भाग मोकळा ठेवण्यास सांगत, की तेथे रानफुले आपल्या मनाने उगवावी. दिवंगत परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात याची आठवण करून दिली आहे. तो कोपरा कोणाच्या हिशेबात नसावा. माळा वाळल्या की तेथे टाकाव्या. काय उगवते ते पुढील पन्नास वर्षांतील धर्मगुरूंनी व आपल्या नातवंडांनी पाहावे, आणि उपटण्याआधी कोणा जाणत्या बाईस विचारावे.

निर्णय आपला आहे, व तो जो होईल तो आम्ही मान्य करू. आमचे बोलणे ऐकून कोणी हात वर करावा असे नाही. रविवारी येण्यापूर्वी एकदा परसात जाऊन उभे राहावे, इतके पुरे.

आपण सर्व फडांवरून परतलेले असावे म्हणून हा महोत्सव आपण वैशाखात ठेविला. मृग आता फार दूर नाही. भगिनीमंडळाने आजीबाईंच्या मडक्यातील बियाण्याची गेल्या पेरणीतील वाढ धरून लहान लहान पुड्या केल्या आहेत. दाराशी त्या ठेविल्या आहेत, प्रत्येक घरास एक. पुडीत चवळी, दोडका, डांगर व झेंडू एकत्र आहेत. कृपा करून निवडीत बसू नका. पहिला पाऊस झाला की मोरीच्या कडेस, कुंपणाशी, जेथे हातभर माती असेल तेथे टाका. दिवाळीनंतर आपण फडावर जाल तेव्हा वेल कुंपणावर असेल, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसास व लेकरांस त्यावरून हात फिरवावयास काही तरी असेल.

प्रभू आपणां सर्वांच्या अंगणास पाऊस देवो. आमचे भाषण येथे संपले. पुड्या घेतल्यावाचून कोणी जाऊ नये.